शेरभर नाचणी

प्रतिभा : पुन्हा वाचते. नीट ऐका दोघी. तहसील कचेरीच्या खिडकीला आपल्या पुढं सातच जण उरलेत. ‘मी, झुंबरबाई चिमाजी रावते, वय एकसष्ट, राहणार घाटघर, तालुका जुन्नर, शपथेवर लिहून देते की, कुमारी वैष्णवी गोरख साबळे ही माझी मुलगी नाही, आणि मी तिला –’

लंकाबाई : बास! पुढं वाचू नको.

प्रतिभा : आत्या, तिसऱ्यांदा थांबवलंत मला.

लंकाबाई : तीसदा थांबवीन. भर दुपारची, उघड्यावर बसून, एवढ्या मोठ्यानं ‘माझी न्हाई, माझी न्हाई’ म्हणतीया. ऐकणारी ऐकती.

झुंबरबाई : कोण ऐकतंय गं हितं? त्यो टाइपवाला. त्यानंच लिव्हलंय, त्याला कशाचं नवल?

लंकाबाई : झुंबरे, तुला समदं खेळ वाटतंय.

झुंबरबाई : मग काय गळा काढू? नऊ वर्सं झाली, सरकारी कागदावर तुझ्या गोरखपासनं मला पोरगी झालीया, अन् मला आत्ता कळतंय! आमचं म्हातारं परवा जेवता जेवता ताट सारून म्हणतंय, ‘झुंबरे, एवढं समदं झालं, तवा मी कुठं गेलो व्हतो?’

प्रतिभा : मावशी, हसू नका ना. मला नाही हसू येत.

झुंबरबाई : आगं, माझं वय तवा बावन्न. त्या कागदानं मला म्हातारपणी बाळंत केली, अन् डिंकाचा लाडू बी दिला न्हाई कुणी.

प्रतिभा : व्हिसाच्या कचेरीतल्या बाईंनी काय विचारलं मला, माहितीये? म्हणाल्या, मुलीची आई झुंबरबाई. तुम्ही कोण? मी म्हणाले, मीच आई. त्यांनी जन्माचा दाखला काचेला लावून दाखवला. म्हणाल्या, मुलीला जर्मनीला न्यायचं तर आधी हिच्या आईची लेखी परवानगी आणा. माझ्याच पोरीला न्यायला मी परवानगी आणू?

लंकाबाई : तिला सांगायचं ना, कागूद राहू दे, तोंड बघ पोरीचं. नाक हुबेहूब तुझं हाय.

प्रतिभा : नाकावर व्हिसा देत नाहीत, आत्या! तीन वर्षं झाली आम्हाला तिकडं. जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या. एकदा नापास झाले, परत बसले. म्हाताऱ्या माणसाला ‘कुठं दुखतंय’ हे त्यांच्या भाषेत विचारायला शिकले. तुमचा गोरख बेकरीत पिठाची पोती उचलतो. पोर आणायची तर घर मोठं लागतं म्हणाले, घर मोठं घेतलं. तिच्या खोलीत खाट टाकून वर्ष झालं. त्या खाटेवर आम्ही धुतलेले कपडे ठेवतो, कारण रिकामी बघवत नाही. सगळं झालं, आणि गाडी कुठं अडली? तुमच्या ट्रंकेतल्या कागदावर.

झुंबरबाई : नकटीच्या लग्नाला सतराशे इघ्नं म्हणतात ते हेच.

प्रतिभा : महिनाअखेर दुरुस्त दाखला पोचला नाही तर फाईल बंद करणार आहेत. पहिल्यापासून सगळं. शनिवारी माझं विमान आहे. आज तुमचे दोघींचे अंगठे झाले तर पुढचं दादाभाऊ भावजी करून घेतील. आज नाही झाले तर मी काय करू, सांगा.

लंकाबाई : मी काय तुझं वाटुळं करायला नाव सांगितलं व्हतं?

प्रतिभा : मग कशाला सांगितलंत?

लंकाबाई : तुला ठावं न्हाई व्हय?

प्रतिभा : सुपाचं ठाऊक आहे. नाचणीचं ठाऊक आहे. पण ग्रामसेवकाच्या वहीत मावशींचं नाव घातलंत, हे मला कुणी सांगितलं? दोन महिन्यांपूर्वी भावजींनी दाखल्याचा फोटो पाठवला, तेव्हा मी कामावर होते. तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

लंकाबाई : दोन गेली तुझी. पहिलं आठव्या दिशी. दुसरं अकराव्या. तिसरीच्या येळंला मी मनाशी म्हणलं, ह्या घराची वाट सटवाईच्या पायाखालची झालीया. पाचवीला येती, कपाळावर लिव्हती अन् नेती. मग तिच्या आधी आपण काय तरी करायचं. चौथ्या दिशी पोरगी सुपात घातली अन् हिच्या दारात नेऊन ठिवली. हिची सहाच्या सहा जिती. हिनं शेरभर नाचणी माझ्या पदरात घातली, सूप उचललं अन् म्हणली, ‘माझी.’

झुंबरबाई : अन् त्याच टायमाला पोरगी सुपात मुतली. म्हणलं, बया, सौदा पक्का!

लंकाबाई : मग मी ती हिच्याकडनं पाजायला मागून आणली. दुसऱ्याची पोर, दुसऱ्याच्या नावाची. आमच्या घरातनं सटवाई कशी नेईल? महिन्यानं ग्रामसेवक वही घिऊन आला. पोरीच्या आईचं नाव काय? आता काय सांगू? सटवाईच्या वहीत झुंबर अन् सरकारच्या वहीत प्रतिभा? दोन वह्यांचा मेळ बसला न्हाई की चोरी उघडी पडतीया.

प्रतिभा : आणि बापाचं नाव?

लंकाबाई : ते गोरखच. घराणं कसं बदलायचं?

झुंबरबाई : बघा! घराणं शाबूत ठिवलं अन् माझी अब्रू घालवली.

प्रतिभा : तुम्हाला एकदा तरी वाटलं नाही, हिला विचारावं? मी घरातच होते ना?

लंकाबाई : तापानं फणफणली व्हतीस. कुणाला विचारू? वाचली का न्हाई पोरगी, तेवढं सांग.

प्रतिभा : वाचली.

लंकाबाई : मग?

प्रतिभा : मग काही नाही! पहिली दोन सटवाईनं नाही नेली, आत्या. रस्त्यानं नेली. पहिलं दिवस भरायच्या आधी झालेलं, दुसऱ्याला कावीळ. घाटघरातनं खाली न्यायला गाडी असती आणि काचेची पेटी मिळाली असती तर दोन्ही आज शाळेत असती. हेच कळून घ्यायला मी नर्सिंगला गेले. वैषू रांगत होती, तशी सोडून गेले. पुण्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा त्या पेटीत एवढंसं पोर ठेवलं. ते पोर जगलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणाच्या तरी पोराला पेटी मिळाली म्हणून.

लंकाबाई : तुझं खरं असंल. पण तवा घाटघरात पेटी न्हवती, सूप व्हतं. जे व्हतं ते मी वापरलं.

झुंबरबाई : आता हिच्याशी कोण वाद घालणार, प्रतिभा?

प्रतिभा : वाद नको मला. अंगठा पाहिजे.

लंकाबाई : अंगठा, अंगठा! पोर टाकून गेलीस, आता अंगठ्याला आलीस.

प्रतिभा : टाकून? परत म्हणा.

झुंबरबाई : लंके, जीभ आवर.

प्रतिभा : नाही मावशी, म्हणू द्या. आत्या, सुगी सरली की तुम्ही कुठं जायचात? नारायणगावला, बागायतदाराच्या तंबाटी तोडायला. चार-चार महिने. गोरख कुठं असायचा? घाटघरला, त्याच्या आजीजवळ. त्यांनीच सांगितलंय मला, यष्टीचा आवाज आला की फाट्यावर पळत जायचे. तुम्ही टाकून गेला होतात का?

लंकाबाई : पोटासाठी गेले व्हते.

प्रतिभा : मी काय बर्फ बघायला गेले? तुम्ही शिमग्याला परत यायचात, मला तीन वर्षांनी दहा दिवस मिळाले. फरक एवढाच. मी तिथं दुसऱ्यांच्या आयांना अंघोळी घालते, भरवते, त्यांची केसं विंचरते. आणि माझी पोर मला फोनवर काय म्हणते? ‘थांब हां मम्मी, आईला देते.’ तिची आई तुम्ही! मी मम्मी, मोबाईलमधली. तुम्हाला गोड वाटत असेल, पण मला सुरी फिरल्यावाणी होतं. तरी एकदा तरी बोलले का? म्हटलं, जिनं ताप उतरवले, वेण्या घातल्या, तिला म्हणू दे.

झुंबरबाई : मला नाचणीआई म्हणती. मला तेवढंच पुरं हाय.

लंकाबाई : मी शिकिवलं न्हाई तिला. आपसूक म्हणाया लागली.

प्रतिभा : माहितीये मला. म्हणून गप्प राहिले. पण कागदावर तरी मी असू द्या. घरात नाही, शाळेत नाही, फोनवर नाही, निदान कागदावर!

झुंबरबाई : च्या घिऊ का गं थोडा? नरडं सुकलं तुमचं भांडून, अन् ऐकून माझं.

लंकाबाई : झुंबरे, बस खाली. प्रतिभा, तुला वाटतं, ही म्हातारी पोर सोडंना म्हणून अडून बसलीया.

प्रतिभा : वाटतं थोडं.

लंकाबाई : थोडं खरं बी हाय. घर खायला उठंल मला. पण त्याच्यासाठी मी अडवीन व्हय? तिनं कवाच दप्तरात सोटर भरून ठिवलाय, तिकडं थंडी असती म्हणून. रोज शाळंत न्हेती अन् आणती. मी बघती. जाऊ दे तिला. पण जिती जाऊ दे. मला भ्या वाटतंय पोरी. ती दोन मी पुरली. माझ्या हातानं. दुसऱ्याला तर न्हाऊ घातलं, अंगडं घातलं, तीट लावली, अन् मग नेलं.

प्रतिभा : मला बघूसुद्धा दिलं नाहीत.

लंकाबाई : तू बघितलं असतंस तर तिसरं केलं नसतंस.

झुंबरबाई : पाणी पी गं. घे. सगळं पी.

लंकाबाई : म्हणून म्हणती, हिच्या तोंडानं ‘माझी न्हाई’ म्हणवू नको. नऊ वर्सं ज्याच्यावर तगली त्येच उपटायचं? अन् ते बी पोरगी परमुलखात जाताना?

प्रतिभा : आत्या, ऐका. मलाही भीती वाटते. कुठल्या आईला वाटत नाही? पण मी आता ती तापात पडलेली पोरगी नाही. नाव माझं लिहा. ठळक लिहा. सटवाईला यायचं असलं तर येऊ दे नाव वाचून. दारात मी उभी असेन. पेटी कशी चालवायची, सुई कुठं टोचायची, कुणाला फोन करायचा, सगळं येतं मला. दुसरीच्या नावाआड लपवून पोर जगवायची गरज नाही मला. माझ्या नावानं जगेल ती.

झुंबरबाई : आता माझं ऐकायचं का कुणी? का मी नुसती मुतल्या सुपाची धनीण?

लंकाबाई : बोल.

झुंबरबाई : विकलेलं पोर परत कसं घेत्यात?

लंकाबाई : लग्नाच्या हळदीला. घेतलेली नाचणी सुपातनं परत द्यायची, मग पोर आपली.

झुंबरबाई : माझी नाचणी कुठंय?

लंकाबाई : उतरंडीला, खालच्या मडक्यात. फडक्यात बांधून ठिवलीया. एक दाणा दळला न्हाई.

प्रतिभा : नऊ वर्षं? किडली नाही?

लंकाबाई : नाचणीला कीड लागत न्हाई. पण तू म्हणतीस काय? आत्ताच परत देऊ म्हणतीस, झुंबरे?

झुंबरबाई : देशील, पण मी घेईन तवा ना! मी न्हाईच घेत. वैषूच्या हळदीला घेईन. तवर सौदा माझा. कागूद सरकारचा, त्याच्यावर लिव्हू दे काय लिव्हायचं ते. ह्या समद्या कागदात नाचणीचं नाव तरी हाय का कुठं, प्रतिभा?

प्रतिभा : नाही.

झुंबरबाई : मग? नाचणी परत दिली न्हाई, तवर पोर माझी. सटवाईला पुसायचं असंल तर तिनं मडकं बघावं, कचेरीत काय काम तिचं? वाचता येतंय का तिला?

लंकाबाई : कपाळ लिव्हती ती.

झुंबरबाई : तिचं लिव्हणं कुणाला वाचता आलंय आजवर? सरकारचं तरी वाचता येतंय. अन् माझ्या सहाच्या जोडीला सातवी. मी मेले तरी माझ्या पोरी नाचणी घेणार न्हाईत, सांगून ठिवते. तू अंगठा दे.

लंकाबाई : तुझं डोकं उफराटं चालतंय.

झुंबरबाई : पण चालतंय.

प्रतिभा : आत्या? माझं ऐकून नको, मावशींचं ऐकून तरी द्या.

लंकाबाई : माझा कागूद वाच. मला काय लिव्हलंय ते ऐकू दे आधी.

प्रतिभा : ‘मी, लंकाबाई देवराम साबळे, वय चौसष्ट, मुलीची आजी, शपथेवर लिहून देते की, जन्माची नोंद करतेवेळी मी अज्ञानामुळे व चुकून –’

लंकाबाई : काय?

प्रतिभा : अज्ञानामुळे व चुकून.

लंकाबाई : म्हंजी मी येडी?

प्रतिभा : तसं नाही. कागदाची भाषा असते.

लंकाबाई : चुकून न्हाई केलं. तीन दिस इचार केला, तवा केलं. ते खोडायला लाव. लिव्ह म्हणावं, ‘समजून उमजून.’

प्रतिभा : समजून उमजून लिहिलं तर सरकारला मुद्दाम खोटं सांगितलं असं होतं. गुन्हा होतो त्याचा.

लंकाबाई : होऊ दे.

प्रतिभा : मग दाखला नाही मिळणार!

झुंबरबाई : आता बोंबला. एवढी नाचणी समजावली, अन् ही एका शबुदावर बसली.

लंकाबाई : तुला न्हाई कळायचं. चूक म्हणलं की त्या नाचणीला किंमत ऱ्हाईल का? मी काय चुकून चिखलातनं सूप डोक्यावर घिऊन गेले?

प्रतिभा : आत्या, तो शब्द माझ्या अंगावर घेते मी. लिहा, सून अज्ञानी होती, तिनं सांगायला लावलं. पण अंगठा द्या. पाया पडते. इथं, सगळ्यांसमोर.

लंकाबाई : उठ. उठ म्हणते ना! साबळ्याची सून कचेरीच्या पायरीवर पाया पडत न्हाई. उठ, साडी झटक.

झुंबरबाई : आपलं नाव पुकारतोय गं त्यो. चला!

(पावणेपाच वाजलेले. कचेरीची खिडकी. आत बसलेल्या साहेबांचं बोलणं बाहेर नीट ऐकू येत नाही.)

प्रतिभा : साहेब विचारतायत, झुंबरबाई कोण?

झुंबरबाई : मी जी. मीच ती. कागदावरची बाळंतीण.

प्रतिभा : मावशी, सरळ सांगा. ही मुलगी तुमची आहे का, विचारतायत.

झुंबरबाई : ... थांबा जरा.

प्रतिभा : मावशी?

झुंबरबाई : आता समद्यांम्होरं मोठ्या ऐटीत बोलले, अन् हितं जीभ उचलंना. येडीच हाय मी. न्हाई, साहेब. माझ्या पोटची न्हाई. ही हिच्या पोटची. ही उभी हाय बघा, निळ्या साडीतली. हिच्या.

प्रतिभा : अंगठा इथं. आता आत्या, तुम्ही. साहेब विचारतायत, चुकीचं नाव कुणी सांगितलं होतं?

लंकाबाई : मी सांगितलं.

प्रतिभा : का सांगितलं, म्हणतायत.

लंकाबाई : त्यांच्या कागदावर लिव्हलंय ना का ते? अज्ञान. असू द्या, साहेब. लिव्हा अज्ञान. पण त्याच्या खाली लिव्हा, पोरगी नऊ वर्सांची झाली.

प्रतिभा : आत्या...

लंकाबाई : लिव्हा म्हणते. न्हाई लिव्हत? बरं, ऐकलं तरी बास. शाई कुठंय? ह्या बोटाला का ह्या? हां. घ्या. काळा झाला म्हणून काय, घासला की निघंल.

झुंबरबाई : झालं? झालं का गं सगळं?

प्रतिभा : झालं. शिक्का मारतायत. आठ दिवसांत ग्रामपंचायतीतून नवा दाखला मिळेल म्हणाले. आईचं नाव... आईचं नाव, प्रतिभा गोरख साबळे.

झुंबरबाई : आगं, रडती कशाला आता? शिक्क्यावर पडंल पाणी. चला, साडेपाचची यष्टी गेली तर हितंच मुक्काम. प्रतिभा, तुझा फोन वाजतोय बघ. पिशवीत.

प्रतिभा : आत्या, तुम्ही घ्या ना. माझ्या हातात कागद आहेत. दादाभाऊ भावजींचा नंबर दिसतोय. वैषूच असेल, शाळा सुटली.

लंकाबाई : कुठं दाबायचं? हिरवं? हां, बोल गं. ... आलो, आलो, यष्टीत बसतोय. ... खाल्लंस का काय? डब्यात भाकरीचा चुरा हाय, गूळ टाकून. ... झालं काम. ... हां, झालं म्हणते ना. सोटर काढून ठेव दप्तरातनं, धुवायचा हाय जायच्या आधी. ... न्हाई गं, आई न्हाई. मी आजी बोलतीया. थांब, आईला देते.